बिलावरचं नाव

लोणावळ्याच्या माणसाला विजेची गोष्ट पाण्यापासूनच सांगावी लागते. आमच्या डोंगरावर पडणारा पाऊस खरं म्हणजे पूर्वेचा वाटसरू. इंद्रायणीतून देहूला, आळंदीला आणि पुढे भीमेला भेटायला निघालेला. टाटांनी त्याला पश्चिमेची वाट दाखवली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात या कामाची पायाभरणी झाली. वलवण, लोणावळा, शिरोता इथं पाणी अडवलं गेलं, मोठमोठ्या नळांतून ते घाटाखाली खोपोलीला उतरवलं गेलं आणि १९१५ पासून त्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आंदर मावळातल्या ठोकळवाडीचं पाणीही १९२२ पासून असंच भिवपुरीला उतरतं. इंद्रायणीच्या वाट्याचा पाऊस खोपोलीला वीज देऊन पाताळगंगेला मिळतो.

आमच्या घरांत दिवा लागतो तो मात्र महावितरणचा. २००५ साली जुन्या वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्यांतली वीज घरोघर पोचवणारी ही कंपनी. त्या काळातलं भारनियमन आठवत असेल. धरणाच्या काठावर बसून मेणबत्ती शोधणारी आमची पिढी आहे. वीज नसणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आता प्रश्न वेगळा आहे. वीज आहे, पण तिचं बिल पेलत नाही.

त्यावर उपाय म्हणून वीज कंपन्यांच्याच योजना आहेत. ऐकणाऱ्याला प्रथम शंका येते. लोणावळ्यातला चिक्कीवाला कधी गिऱ्हाइकाला म्हणेल का, की बाबा, अर्धाच किलो घे? मग वीज विकणारा ‘कमी वापरा’ का म्हणतो? कारण वीज चिक्कीसारखी बरणीत भरून ठेवणं अवघड आणि महाग. संध्याकाळी सगळी घरं एकदम दिवे लावतात, त्या वेळी कंपनीला महागडी वीज विकत घ्यावी लागते. त्या तासांची मागणी घटली तर तिचाही खर्च वाचतो. नवं वीज केंद्र बांधण्यापेक्षा जुना पंखा बदलून देणं स्वस्त पडतं. टाटा पॉवरनं मुंबईतल्या आपल्या ग्राहकांसाठी जुना पंखा देऊन कमी विजेचा पंखा सवलतीत घेण्याची योजना राबवली, ती याच हिशेबानं.

सर्वांत गाजली ती एलईडी दिव्यांची योजना. जानेवारी २०१५ मध्ये ती देशभर सुरू झाली, पुढे तिला ‘उजाला’ हे नाव मिळालं. वीजबिल दाखवायचं आणि बाजारापेक्षा स्वस्तात दिवा घ्यायचा. साठ वॅटचा पिवळा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटही खात नाही. पंख्याचंही तसंच. लोणावळ्याच्या पावसात कपडे वाळत नाहीत, पंखा दिवसरात्र त्यांच्यावर फिरतो. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा चोवीस तासांत पावणेदोन युनिटच्या वर घेतो. नव्या, तीस वॅटच्या पंख्याला पाऊण युनिट पुरतं.

मग बिलातल्या सवलती. बिल लवकर भरलं तर सूट, घरबसल्या भरलं तर थोडी आणखी. कागदी बिल नको म्हटलं, तर ‘गो ग्रीन’ योजनेत बिलामागे दहा रुपये या हिशेबानं सूट. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सवलत महावितरणनं १ जुलै २०२५ पासून जाहीर केली. दर बदलत राहतात, तेव्हा ताजा आकडा आपल्या बिलावरच पाहावा.

आणि सर्वांत मोठी योजना छतावरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराच्या छतावर एक किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर तीस हजार, दोनला साठ हजार, तीन किंवा त्याहून जास्तीला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅटपासून महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते. ‘आमच्याकडे चार महिने सूर्यच दिसत नाही, आम्ही काय करणार?’ असं लोणावळ्यात हमखास विचारतात. पण जादा तयार झालेली वीज कंपनीकडे जमा होते आणि तिचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये मिटतो. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात कमावलेले युनिट आषाढ-श्रावणात खर्चता येतात. धान्याच्या कणगीसारखंच हे. पेरणीच्या आधी भरायची, पावसात उघडायची.

इथवर सगळं छान आहे. पण या प्रत्येक योजनेचा दरवाजा एकाच किल्लीनं उघडतो. ती किल्ली म्हणजे ग्राहक क्रमांक आणि त्यासमोरचं नाव. आणि वीज जाळणारा माणूस हा ग्राहक असतोच असं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक चाळवजा घर आहे. चार खोल्या, चार बिऱ्हाडं, मीटर एकच, मालकाच्या नावाचा. महिनाअखेर मालक बिलाचे चार भाग करतो. कुणी म्हणेल, यात वाईट काय? घरगुती विजेला टप्प्याटप्प्यानं दर लागतो. पहिल्या शंभर युनिटांचा कमी, त्यापुढचा अलीकडच्या दरपत्रकांत जवळजवळ दुप्पट. हिशेबापुरतं धरू की पहिला दर सहा रुपये आणि दुसरा बारा. प्रत्येक बिऱ्हाड साठ युनिट वापरतं. स्वतःचा मीटर असता तर प्रत्येकाला तीनशे साठ रुपये पडले असते, चौघांचे मिळून चौदाशे चाळीस. एका मीटरवर मात्र दोनशे चाळीस युनिट होतात. शंभर सहाच्या दरानं, एकशे चाळीस बाराच्या. झाले बावीसशे ऐंशी. चार मीटरांचा स्थिर आकार चारदा भरावा लागेल, हे खरं. तो वजा करूनही हाती काही उरतं. बंगल्यातल्या कुटुंबाला जो दर लागतो, तो दर एका खोलीत राहून साठ युनिट वापरणाऱ्याला लागतो, कारण त्याचं नाव कुठंच नाही. या चाळीतल्या बाईनं दोन दिवे कमी लावले, तर त्याचा पाव हिस्सा तिला आणि पाऊण हिस्सा शेजाऱ्यांना. मग ती कशासाठी बटण बंद करील?

कायद्याची बाजू अशी, की २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत. म्हणजे रीतसर राहणारा भाडेकरूही स्वतःची जोडणी मागू शकतो. कागदपत्रं लागतात, भाडेकरार लागतो, आणि तोच करायला मालक कचरतो, हेही मला ठाऊक आहे. पण हक्क आहे, हे आधी माहीत तर हवं.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या खालांची. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. घर छोटं, पण छत स्वतःचं. मी त्यांना सौर योजनेबद्दल सांगितलं आणि म्हटलं, ‘खाला, आधी बिलावर तुमचं नाव चढवावं लागेल. आणि कागदी बिल बंद केलंत तर महिन्याला दहा रुपयेही वाचतील.’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बेटा, शिधापत्रिकेतून त्यांचं नाव गेलं, बँकेतून गेलं. महिन्याला एक कागद तरी त्यांचं नाव घेऊन दारात येतो. तो दहा रुपयांत देऊन टाकू?’

मी कविता लिहितो, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. योजना आखणाऱ्यांच्या तक्त्यात या कागदाची किंमत कुठल्या रकान्यात धरायची? आपल्या गावागावांत आजोबांच्या, चुलत्यांच्या, कधीच्या मातीत गेलेल्या माणसांच्या नावानं बिलं येतात. सगळीकडे आळस असतो असं नाही. कुठं भावाभावांत वाटणी व्हायची असते, कुठं नाव बदलणं म्हणजे मृत्यूवर दुसऱ्यांदा सही करणं असतं.

तरीही मी खालांना आग्रह केला. कारण अनुदान ज्याच्या नावावर जोडणी, त्यालाच मिळतं. २०२५ साली राज्य सरकारनं महिन्याला शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी सौर छताची वेगळी ‘स्मार्ट’ योजना मंजूर केली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी स्वतःचे अडीच हजार रुपयेच घालायचे आहेत, बाकीचे केंद्र आणि राज्य देणार. ज्या माणसानं आयुष्यभर या घरात उजेड राहावा म्हणून कष्ट केले, त्याच्या नावामुळेच तो उजेड महाग होत राहावा, हे त्यालाही आवडलं नसतं. खालांनी नावबदलाचा अर्ज मागवला आहे. भरलेला नाही. फॉर्म कुराणशरीफच्या शेजारी कपाटात आहे. मी घाई करत नाही.

श्रोतेहो, पंख्याची आणि दिव्याची निवड तुम्ही करालच. त्याआधी या महिन्याचं बिल हातात घ्या. रकमेकडे मागाहून बघा. वरचं नाव वाचा. ते हयात माणसाचं आहे का? या घरात राहणाऱ्याचं आहे का? नसेल, तर योजनांच्या जाहिराती तुमच्या दारावरून पुढे जाणार. नावबदलाचा अर्ज साधा आहे, तो भरा. भाडेकरू असाल तर मालकाशी बोला, मालक असाल तर भाडेकरूला त्याचा मीटर घेऊ द्या. जुनं बिल मात्र फेकू नका. ते घडी घालून ट्रंकेत ठेवा. त्यावरचं नाव आपलंच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)