यायला बस आहे, जायला नाही
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या आधीच्या सभेत बोलायचे ते वर्गणीवर, मखरावर आणि प्रसादाच्या हिशेबावर, असा आपला रिवाज आहे. आम्ही मात्र आज शहरातल्या बसवर बोलणार आहोत. आम्ही म्हणजे मंडळाच्या सभासदांपैकी अजूनही बसने येणारे सातजण. उभे एकालाच केले आहे, पण मजकूर सातही जणांचा आहे. तेव्हा कुणाला काही टोचले तर राग सातांवर वाटून काढावा.

गेली दोन-तीन वर्षे आपल्या प्रत्येक सभेत एक वाक्य ठरलेले असते. मराठी माणूस आता कार्यक्रमाला येत नाही. मग टीव्ही, मोबाईल आणि तरुण पिढी यांना क्रमाने दोष देऊन आपण चहाला उठतो. आम्हीही हे वाक्य पुष्कळदा म्हटले आहे. या वर्षी एक गोष्ट घडली आणि आम्हाला ते म्हणवेना.

जुन्या शहरातल्या एका आतल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या आपल्या एक वहिनी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पंचवीस वर्षे त्यांचा गुरुवारचा भजनाचा वार चुकला नव्हता. पेटी त्यांचीच असायची. मागच्या दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. आम्हाला वाटले गुडघे असतील, किंवा सुनेचे बाळंतपण असेल. कुणीतरी असेही म्हणाले की काही बोलण्यावरून मन दुखावले असेल. शेवटी आमच्यातले दोघे घरी जाऊन भेटले. गुडघे ठीक, मन ठीक. त्या म्हणाल्या, "अहो, यायला बस आहे, जायला नाही."

प्रकार असा होता. दुपारी चार-साडेचारची बस त्यांना मिळायची. भजन आटोपून, आरती-प्रसाद होऊन निघेपर्यंत साडेआठ होत. मग स्टॉपवर उभे राहायचे. कधी पाऊण तास, कधी तासभर. बस आली नाही की शेअर ऑटोने मोठ्या रस्त्यापर्यंत, तिथून दुसरा ऑटो, आणि शेवटचा अर्धा मैल अंधारातून पायी. दोनदा मुलाला फोन करावा लागला. तो गच्चीबावलीला नोकरीला, दिवसभर दमलेला, शहराच्या त्या टोकापासून गाडी काढून आईला न्यायला आला. तिसऱ्यांदा फोन करायची वेळ येऊ नये म्हणून वहिनींनी भजन सोडले. आम्हाला कळवले का नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, "यात कळवायचं काय?"

ते ऐकून परत येताना आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक अनुभव आला. आमच्यातले दोघे एकाच वेळी मंडळातून निघून कोठीला आले. एकाला दिलसुखनगरला जायचे होते, दुसऱ्याला वहिनींच्याच बाजूला. पहिल्याला स्टॉपवर पिशवी खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही, बस समोर उभी. तो घरी गेला, जेवला, आणि सहज चौकशी म्हणून दुसऱ्याला फोन केला. दुसरा अजून कोठीलाच होता. एकच शहर आहे, वर्गणीही दोघांची सारखीच.

हे असे का होते, याचा आम्ही थोडा विचार केला. आमच्यात एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत, त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले. उदाहरणादाखल धरा, एका मार्गावर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि त्यावर चार गाड्या आहेत. म्हणजे दर अर्ध्या तासाला एक बस. आता एक गाडी काढून घेतली. तीन गाड्या, चाळीस मिनिटांनी एक. आतल्या मोहल्ल्याला हा एकच मार्ग असतो, म्हणून तिथल्या माणसाची दोन बसमधली वेळ दहा मिनिटांनी वाढली. मोठ्या रस्त्यावर मात्र असे बारा मार्ग एकमेकांवर चढलेले असतात. बाराही मार्गांवर चार-चार गाड्या असतील तर तिथे अडीच मिनिटाला एक बस. त्या बाराही मार्गांवरची एकेक गाडी काढली, तरी तिथल्या स्टॉपवर साडेतीन मिनिटांच्या आत एक बस येतेच. म्हणजे कपात प्रत्येक मार्गावर एका गाडीचीच, पण एका माणसाला मिनिटभरही जाणवत नाही आणि दुसऱ्याचा कार्यक्रम सुटतो. कागदावर दोघांना सारखाच न्याय झालेला दिसतो.

मास्तर इथे थांबले नाहीत. रस्त्यावर गर्दी वाढली आणि दोन तासांची फेरी अडीच तासांची झाली, तर एकही गाडी न काढता अर्ध्या तासाची बस साडेसदतीस मिनिटांवर जाते. त्यातून एक गाडी बिघडून डेपोत राहिली तर पन्नास मिनिटांवर. वहिनींचा पाऊण तास असा येतो. त्यात कुणाची दुष्टाई असावी लागत नाही.

आणि दोन बस पाठोपाठ येऊन मग तासभर एकही नाही, हा आपल्या सगळ्यांचा आवडता तक्रारीचा विषय. आपण म्हणतो, ड्रायव्हर लोक चहा पीत बसतात. खरे असे की पुढची बस थोडी उशिरा झाली की प्रत्येक स्टॉपवर तिला जास्त माणसे भेटतात. चढायला वेळ लागतो, ती आणखी उशिरा होते. मागच्या बसला माणसेच उरत नाहीत, ती भराभर येऊन पहिलीला गाठते. दोन्ही ड्रायव्हर बिचारे आपापल्या परीने नीटच चालवत असतात. आम्ही इतकी वर्षे त्यांना मनातल्या मनात जे बोललो ते या निमित्ताने परत घेतो.

हैदराबादला बसची मोठी परंपरा आहे. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला, तेव्हा गाड्या २७ होत्या आणि माणसे १६६. १९५६ ला मराठवाडा तिकडे गेला, आपली घरे इकडे राहिली. १९५८ ला आंध्रचे महामंडळ झाले. आमच्यातल्या चौघांनी काचीगुडा आणि सुलतानबाजारातून विवेकवर्धिनीला जाताना याच बसमध्ये पाढे पाठ केले आहेत. टँकबंडवरून जाणाऱ्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकासाठी झालेली भांडणे अजून आठवतात. गौलीगुड्याचे ते विमानाच्या हँगरसारखे गोल पत्र्याचे बसस्थानक २०१८ च्या जुलैत कोसळले, तेव्हा आमच्यातल्या एका काकांना घरचे कुणी गेल्यासारखे वाटले होते. आम्ही त्यांची चेष्टा केली. आता करणार नाही.

अलीकडचे तुम्हाला ठाऊकच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप ५२ दिवस चालला आणि त्यानंतर शहरातल्या गाड्या कमी करण्यात आल्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शहरबस थांबली, ती सप्टेंबरअखेर सुरू झाली, तीही सुरुवातीला चतुर्थांश गाड्यांवर. दरम्यान मेट्रो आली. सुलतानबाजारला स्टेशन झाले, त्याचा फायदा आम्ही घेतो, नाकारत नाही. पण ती मार्गिका फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत येऊन थांबली. तिथून जुन्या शहरातून फलकनुम्याला जाणारा तुकडा मूळ आराखड्यात होता, तोच राहून गेला. ज्या बाजूला बस विरळ, त्याच बाजूला मेट्रोही नाही. डिसेंबर २०२३ पासून बायकांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. आमच्या घरच्या बायका आधार कार्ड दाखवून झिरो तिकीट घेतात आणि खूश आहेत. खूश असायलाच हव्या, महिन्याचे चार पैसे वाचतात. वहिनींनाही तिकीट लागत नाही. त्यांच्याकडून तासभर स्टॉपवर उभे करून घेतात, तेवढेच भाडे.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्यात. आता जे बोलायचे आहे ते आमच्याविरुद्धच आहे.

मोठ्या रस्त्याला जास्त बस का? कारण तिथे माणसे चढतात. आतल्या मोहल्ल्याची बस का गेली? कारण तिथली माणसे चढायची थांबली. ती कोण होती? आपणच. आमच्या सातही घरांत आधी चेतक स्कूटर आली, मग मुलांच्या मोटरसायकली, मग गाडी. पुष्कळ जण जुनी घरे विकून नल्लाकुंटा, विद्यानगर, रामंतापूर, आणि आता कोंडापूर, मियापूरपर्यंत गेलो. एकेका घराने बस सोडली की एक फेरी कमी. फेरी कमी झाली की आणखी दोन घरे स्कूटर घेणार. आपण सोडलेली बस ज्यांना सोडता येत नव्हती ते मागे राहिले. एकटे म्हातारे, विधवा काकू-आत्या, शाळेतली पोरे, आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका. त्यांच्यातली कुणी उशिरा आली की आपण तिलाच विचारतो, "आज वेळ का गं झाला?" आता आम्ही सातजण बसने येतो म्हणून फुशारकी मारतो आहोत, पण आमच्यातल्या पाचांनी दृष्टी अधू झाल्यावर किंवा मुलाने गाडीची किल्ली काढून घेतल्यावर बस धरली आहे. तत्त्वनिष्ठेने नव्हे.

आता मागणे काय ते सांगतो.

पहिले, अर्जाविषयी. बसच्या कार्यालयात अर्ज करायचे ठरले की आपण लिहितो, "फेऱ्या वाढवाव्यात." हा अर्ज सगळेच करतात. आमचे म्हणणे, आपण फेऱ्या वाढवा असे मागूच नये. विरळ मार्गावर माणसाला हवी असते ती खात्री. दर दहा मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक कुणी विचारत नाही, पण तासाला एकच बस असेल तर ती किती वाजता, हे स्टॉपवर लिहिलेले पाहिजे आणि तिने ते पाळले पाहिजे. रात्री आठ-दहाची एक बस नक्की येते हे कळले तर वहिनी आठ वाजता मंडळातून उठतील आणि आठ-दहाला चढतील. तासाला एक असूनही त्यांचे थांबणे दहा मिनिटांचे. यासाठी नवी गाडी लागत नाही. मोबाईलवर बस कुठे आहे ते दाखवणारे ॲप आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्यांच्यासाठी बोलतो आहोत त्यांच्यापैकी निम्म्यांचा फोन बटणांचा आहे. अर्ज तेलुगूत लिहावा, मुद्देसूद लिहावा, आणि त्यावर त्या मोहल्ल्यातल्या सगळ्या भाषांच्या लोकांच्या सह्या घ्याव्यात. ही बस एकट्या मराठी माणसाची नाही. आपल्या वहिनींबरोबर स्टॉपवर उभी असलेली शेजारीण उर्दू बोलते, आणि अंधारातून घरापर्यंत सोबत तीच करते.

दुसरे, आपल्या हातातले. कार्यक्रमाची वेळ आपण सात लिहितो आणि साडेसातला सुरू करतो, कारण पदाधिकाऱ्यांच्या गाड्या तेव्हा पोचतात. यंदाच्या गणपतीत निदान दोन दिवस कार्यक्रम पाचला सुरू करून पावणेआठला संपवावा. नोकरीवाल्यांची अडचण होईल, कबूल. त्यांना बाकीचे आठ दिवस आहेत. निमंत्रणपत्रिकेवर प्रायोजकांची नावे छापतो, तिथेच मंडळाकडे येणाऱ्या बसचे नंबर दोन ओळींत छापावेत. हे सुचवल्यावर एक जण हसले, "आपल्या पत्रिकेवर बसचे नंबर?" का नकोत?

तिसरे, गाडीवाल्यांसाठी. वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर एक वही फिरवणार आहोत. तुम्ही कुठल्या बाजूने घरी जाता आणि गाडीत किती जागा रिकाम्या असतात, एवढेच लिहायचे. कुणावर उपकार करायचे नाहीत, आपल्या वाटेवर कुणाला तरी सोडायचे. म्हाताऱ्या माणसाला "काकू, सोडू का?" असे विचारले तर ती संकोचाने नको म्हणते. वहीत नाव असले की तिला मागावे लागत नाही.

विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, बसचे मार्ग वळवलेले असतात, त्या दिवसाचे आम्ही काही बोलत नाही. तो दिवस पायीच जायचा.

वहिनींना परवा निरोप दिला की गौरीच्या दिवशी भजन पाचला ठेवायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, "पेटीचा भाता फाटलाय, आधी दुरुस्त करा." तो दुरुस्तीला दिला आहे. खर्च दोनशे रुपये, पावती कोषाध्यक्षांकडे आहे.

आणखी दोन मुद्दे होते, ते पुढच्या सभेत मांडू. आता आठ वाजत आले आहेत, आणि आमच्यातल्या तिघांना स्टॉपवर पोचायचे आहे. वही दाराशी ठेवली आहे.