देवळाची लाकडे आणि गावाचे पाणी
(कलशारोहणाच्या निमित्ताने झालेले व्याख्यान)



देऊळ मोडते ते केवळ ऊन-पावसाने नव्हे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या देवळाची लाकडे काढून नेली गेली आणि दारूच्या भट्ट्यांखाली जळाली. गावात भट्ट्या तीसच्या वर, भांडणतंटा रोजचा. पाऊस मुळात थोडा, आणि पडे तोही उघड्या माळावरून माती घेऊन वाहून जाई.

१९७५ साली लष्करी नोकरी संपवून अण्णा हजारे गावी आले. फंडाच्या पैशांतून त्यांनी याच देवळाचा जीर्णोद्धार हाती घेतला. हळूहळू गावचे हात लागले, आणि गावची बैठकही तेथेच भरू लागली. दारू बंद करण्याचा निर्णय देवळातच झाला. पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटकेही मारले गेले. त्याचे समर्थन करणे कठीण आहे. माणूस बांधून आणलेली एकी कच्चीच म्हणायची.

खरी एकी दिसली ती पाझर तलावावर. तलाव होता, पण गळका; पाणी टिकत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिले. मग कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. चराईबंदी बोलायला सोपी; पण शेळ्यांवरच ज्याचे पोट, त्याने चारा कापून दावणीला आणायचा कुठून? एकाने चोरून शेळ्या सोडल्या की साऱ्यांची रोपे गेली. म्हणूनच, ज्या दलित कुटुंबांना पूर्वी देवळात प्रवेश नव्हता, त्यांची जमीन गावाने श्रमदानाने कसून त्यांचे कर्ज फेडले, ही गोष्ट तलावाइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. तेथेही प्रारंभ देवस्थानापासूनच झाला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पाहिली, आणि १९७४ साली देवस्थानची चाळीस एकर जमीन कराराने घेतली. बांध घातले, पाणी अडवले. पण त्यांची खरी कामगिरी नियमांची. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची. खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने आधी घालायचा. ऊस लावायचा नाही. हे शेवटचे ऐकून किती कपाळांना आठ्या पडल्या असतील, ते बागायतदारांना सांगायला नको!

जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, असेही ठरले. ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा. तो त्याने शेजारच्या जमीनवाल्याला द्यावा आणि पिकात हिस्सा घ्यावा, अशी सोय ठेवली होती.