चुल्लपंथकाचं फडकं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?" हा प्रश्न ज्या घरात आई-बाप रात्री एकमेकांना विचारतात, त्या घराविषयी मी बोलणार आहे. ज्याला आपण मतिमंद म्हणत आलो, असं एखादं लेकरू त्या घरात असतं. पंचविशीतही आई त्याला आंघोळ घालते, घास भरवते. माया खरी आहे. पण आई थकल्यावर त्यानं काय करायचं?

चुल्लपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खूच. त्यानं धाकट्याला विहारातून जायला सांगितलं. तथागतांनी त्याला थांबवलं. पाठांतर बाजूला ठेवून हातात एक स्वच्छ फडकं दिलं आणि चोळत बसायला सांगितलं. चोळता चोळता फडकं मळलं. त्यातून त्याला अनित्यता उमगली व तो अर्हत झाला, असं अट्ठकथा सांगते. इथे लक्षात घ्या, तथागतांनी त्याला हाकललं नाही आणि त्याच्या वतीनं फडकंही चोळलं नाही. त्याला झेपेल असं काम शोधलं. ते त्याचं त्यालाच करू दिलं.

आपलं सोलापूर चादरी-टॉवेलचं गाव. टॉवेलापासूनच सुरुवात करा. घडी तुम्ही घाला, शेवटची दुमड तेवढी त्याला घालू द्या. ती जमली की शेवटच्या दोन. असं मागून पुढं येत एक दिवस अख्खी घडी त्याची होते. आंघोळ, चहा, कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणणं, सगळं याच रीतीनं शिकवता येतं. रोज तीच वेळ, तेच शब्द. उशीर लागला तरी हात आडवा घालू नका. सांडलं तर पुसूही त्यालाच द्या. आणि कुठला सदरा घालायचा, हे त्यालाच विचारा.

हे उपकार नव्हेत, हक्क आहेत. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे आणि त्यात बौद्धिक दिव्यांगांचाही वाटा आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आधी काढून घ्या. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. आई-बाप हयात असतानाच भावंडांनी बसून हे ठरवावं. एकट्या आईवर टाकू नये.

विहारानंही वाटा उचलावा. रविवारच्या वंदनेला अशा मुलामुलींना मागं बसवून ठेवू नका. सतरंजी अंथरणं, फुलं मांडणं, मेणबत्ती लावणं ही कामं त्यांना नेमून द्या. तथागतांनी आनंदाला स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितलं, त्यातून ही लेकरं वगळलेली नाहीत. वात त्यांची आहे, आपण फक्त वारा अडवायचा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!