वंशावळ कोणाची लिहिली गेली?



आपल्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, आडनाव कोठून आले, हे शोधण्याची हौस महाराष्ट्रात जुनी आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामांच्या सनदा, पेशवे दफ्तरातील मोडी कागद यांच्या आधारे पिढ्या जुळविल्या गेल्या. ही हौस निंद्य नव्हे. परंतु लिहून कोणाचे ठेवले आणि कोणाचे नाही, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

कुलकर्णी, देशमुख, पाटील ही रक्ताची नावे नव्हेत. ती वतनाची, म्हणजे गावगाड्यातील अधिकाराची नावे आहेत. वतन वारसाने मिळे, म्हणून वंशावळ जपावी लागे. ती अभिमानाची गोष्ट होण्याआधी हक्काचा पुरावा होती. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. आडनावे तेवढी उरली. महारकी हेही वतनच होते, पण ते वेठीचे. ते जोखड सैल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते.

खुद्द त्यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव नोंदले गेले ते मात्र ‘भिवा रामजी आंबेडकर’; या आडनावामागे आंबडवे हे कोकणातील मूळ गाव आहे. ज्या समाजाला कुलवृत्तांत नव्हता, त्याच्या हाती शाळेचे दाखलखारीज हाच पहिला कागद आला.

ज्यांना गावच नव्हते, त्यांचे काय? भटक्या जमातींपैकी अनेकांची नोंद झाली ती १८७१ व १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली, पोलिसांच्या वहीत. आज त्यांच्याच नातवंडांकडे जातपडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा शाळेची पायरी चढला नाही, त्याने आजोबांचा शाळेचा दाखला कोठून आणावा? एकाची हौस ती दुसऱ्याची परवड ठरते, ती अशी.

आणि स्त्रिया? जन्म देणारीचे नाव वंशवृक्षाच्या फांदीवर बहुधा नसतेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. उशिरा का होईना, एक ओळ दुरुस्त झाली.

तेव्हा मुळे जरूर शोधावीत. पण ती सर्वांची शोधावीत. गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडून सोडवाव्यात, मोडी नोंदींचे बाळबोध लिप्यंतर करून त्या सर्वांना विनामूल्य खुल्या कराव्यात. जेथे कागद मुळातच नाही, तेथे गृहचौकशीला कागदाइतके वजन द्यावे. पूर्वजांच्या निरक्षरतेचा दंड नातवंडांकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.