भूगोलाची वही

(पालक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)

मैत्रिणींनो,

आजचा विषय फलकावर लिहिला आहे : 'मुलांना जग कळावं म्हणून'. निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्तीला मी म्हटलं, या विषयावर बोलण्याचा मला काय अधिकार? माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती माझी एक चूक. ती म्हणाली, तीच सांगा.

१९९३ सालची गोष्ट. आम्ही परळला चाळीत राहत होतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं गेली, हा श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आकडा. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्या बाकावरची मैत्रीण आली नाही. बाईंनी सांगितलं, तिच्या घरच्यांनी बिऱ्हाड मुंब्र्याला हलवलं. त्या दिवसांत कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंबई सोडून मुंब्र्याला गेली. तिची भूगोलाची वही मात्र आमच्याकडेच राहिली होती.

मुलगी रोज विचारायची, "आई, वही कधी द्यायची?" मी म्हणायची, "बघू गं." आणि मी काय करत होते? शांतता मोर्चात घोषणा देत होते. मदतीच्या कपड्यांची गाठोडी बांधत होते. सभांमधून बोलत होते. पण मुलीचा हात धरून मुंब्र्याची लोकल पकडायला मला तीन महिने लागले. आधी भीती होती, हे खरं. पण सगळं निवळल्यावरही पाय निघेना, तो सासूबाई काय म्हणतील, चाळ काय म्हणेल, म्हणून. शेवटी मुलगीच म्हणाली, "तू सभेत सांगतेस सगळे सारखे, मग तिच्या घरी का येत नाहीस?" त्या रविवारी आम्ही गेलो.

एका खोलीचं घर. मुली वही उघडून बसल्या. तिच्या अम्मीने चहा ठेवला. तिची आणि नवऱ्याची बोलाचाली चालली होती. नवी शाळा लांब, सातवीनंतर पुरे झालं, असं त्यांचं म्हणणं. ती आमच्यादेखत ठणकावून सांगत होती, मुलगी शिकणार. मी मनाशी धरून गेले होते की 'त्यांच्यात' बायकांना तोंड उघडू देत नाहीत. ती नवऱ्यासमोर भांडत होती. आणि मी, संघटनेची कार्यकर्ती, कुठे चालले हे सासूबाईंना न सांगता आले होते! परतताना मुलगी म्हणाली, "आई, तिचे अब्बा चहाचे कप स्वतः विसळतात. आपले बाबा का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पण एवढं कळलं, की ईदचा शीरखुर्मा खाल्ला, नाताळचा केक खाल्ला, म्हणजे दुसऱ्यांची संस्कृती समजली असं होत नाही. त्यांच्या घरात कोण कुणाशी कशासाठी झगडतं आहे ते दिसलं पाहिजे, आणि तिथून वळून आपलं घरही दिसलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी हेच केलं. अमेरिका पाहून आल्यावर १८८९ साली त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांचं शिक्षण, त्यांच्या संस्था यांचं मनापासून कौतुक केलं. पण काळ्या माणसांवरचा आणि मूळ रहिवाशांवरचा अन्यायही झाकला नाही. त्या दिपून गेल्या नाहीत आणि नाकंही मुरडली नाहीत. मुलांना ही नजर द्यायची आहे.

आणि ती नजर घरातूनच येते. मुलगा जेवून ताट तसंच टाकून उठतो, धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला रोज बघतो. कोण वरचं, कोण खालचं, याचा धडा त्याला आपणच देतो. मग तो कितीही भाषा शिको. ज्याला स्वतःचं ताट धुता येतं, भात लावता येतो, तो कुणाच्याही घरी माणसासारखा राहू शकतो.

माझा नातू आज नऊ वर्षांचा आहे. फाडफाड इंग्रजी बोलतो, सिंगापूर बघून आलाय. परवा मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ पाहून म्हणाला, "आजी, ते लोक असेच असतात ना?" मी विचारलं, "ते लोक म्हणजे कोण? तुझ्या ओळखीच्या एकाचं नाव सांग." त्याला एकही नाव सांगता आलं नाही. त्याच्या वर्गात कुणी नाही, त्याच्या सोसायटीत कुणी नाही. माझ्या मुलीच्या निदान बाकावर एक मैत्रीण होती! तीस-बत्तीस वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, तुम्हीच ठरवा.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर मुलांना एवढंच विचारा : वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या जातीच्या किती घरांत तू जेवलास? आणि त्यांच्यापैकी किती जण आपल्या घरी जेवले? आकडा पुढच्या बैठकीत घेऊन या. शून्य असला तरी लाजू नका. तिथूनच सुरुवात करू.

ती मैत्रीण बारावी झाली, पुढे नोकरीला लागली. अम्मी आता थकल्या आहेत, पण मुंब्र्यालाच आहेत. येत्या रविवारी मी नातवाला घेऊन जाणार आहे. या वेळी घरी सांगून.