आजोबांच्या खोलीतला पारा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात. पण त्यांच्याच घरात, पडवीलगतच्या खोलीत झोपलेल्या आजोबांपाशी किती अंश आहेत, हे कुणी बघत नाही.

आपली घरं थंडी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली नसतात. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, खिडकीची झडप धड लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली थंड आणि समशीतोष्ण देशांना सांगितलं, की घरात किमान १८ अंश तरी असावेत. म्हाताऱ्यांसाठी त्याहून थोडे अधिकच. निफाडची जानेवारीतली पत्र्याची खोली पहाटे यात कितपत बसेल, तुम्हीच ठरवा.

वय झालं की गारठा उशिरा जाणवतो, हुडहुडीही कमी भरते. म्हणून ‘मला नाही बाई थंडी वाजत’ असं आजी म्हणाल्या, तरी त्यावर विसंबू नका. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाटसर होतं. हृदयविकार आणि पक्षाघात थंडीत वाढतात ते यामुळेच. त्यात थंडीनं लघवीला सारखं लागतं. रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं संध्याकाळपासून पाणीच तोडतात. तरी पहाटे उठावं लागतंच: आखडलेले गुडघे, अनवाणी पाय, मोरीची ओली फरशी. पडून मांडीचं हाड मोडतं ते अशा वेळी.

खाट बाहेरच्या भिंतीपासून ओढून घ्या. खिडकीला जुनी गोधडी लावा. झोपताना कानटोपी, पायमोजे. उठल्यावर घसरणार नाहीत अशा सपाता. भिंतीवर साधा तापमापक टांगा, तो काही फार महाग नसतो. मात्र दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवायची नाही, म्हणजे नाहीच! तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही. ‘घोटभर घेतली की ऊब येते’ हेही खोटं. दारूनं कातडी गरम लागते आणि आतली ऊब निघून जाते.

पांघरुणाखाली हात घालून पोट चाचपा. ते गार लागलं, बोलणं जड झालं, माणूस बरळू लागला, तर शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलेलं असू शकतं. अंग चोळत बसू नका. कोरड्या कपड्यांत गुंडाळा, आडवंच ठेवा आणि १०८ ला फोन लावा.