दारात आलेला जकात नाका



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आम्ही विद्वान नव्हेत. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले; पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही चालकांनी आम्हांला आयात जकातीवर बोलण्याचा आग्रह केला, कारण एका भांडणामुळे हा विषय आम्हांला शिकावा लागला. त्या भांडणापासूनच सुरुवात करतो.

शिरोलीच्या एका कारखान्यात आमचा एक जुना सभासद टर्नर आहे. त्याची मुलगी घरी विणकामाचे यंत्र चालवते आणि लोकरीचे कपडे करून विकते. यंत्र जुने, जपानी. त्याच्या सुया झिजल्या. इकडे कोठे मिळेनात, म्हणून मुलीने मोबाइलवरून थेट जपानच्या एका विक्रेत्याकडे मागवल्या. सुयांचे चार हजार, टपालखर्चाचा एक हजार. पैसे आगाऊ भरले. तीन आठवड्यांनी कुरिअरचा मुलगा दारात आला आणि म्हणाला, "काका, कस्टमचे दोन हजारांवर भरायचे आहेत, मग पुडके देतो." आमचा सभासद संतापला. "पैसे भरलेत, आता कसले पैसे?" म्हणून त्या पोराच्या अंगावर धावून गेला. पोरगा तसाच परत गेला. संध्याकाळी दोघेही युनियनच्या कचेरीत हजर! कारण तो पोरगाही आमचाच सभासद. त्याचे म्हणणे असे की, पुडके पोहोचले तर मजुरी मिळते, परत गेले तर पेट्रोल खिशातले जाते. एका घरचे दोन भाऊ भांडावेत तसे दोघे आमच्यासमोर बसले होते, आणि ज्याने हा कर लावला तो तेथे कोणीच नव्हता.

आम्ही प्रथम नेहमीप्रमाणे निषेधाचा अर्ज लिहावयास घेतला. पण कशाचा निषेध करायचा, हेच नीट माहीत नव्हते. तेव्हा बिल पुढे ठेवून हिशेब शिकलो. तो आपणही समजून घ्यावा.

जकातीचे दर वस्तूवस्तूला वेगळे असतात आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात. म्हणून रीत कळावी यासाठी सोपे आकडे धरू. पहिली गोष्ट ही की, जकात नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज हे तिचे मूल्य. वाहतुकीचा खर्च समजला नाही, तर किमतीच्या २० टक्के धरण्याचा नियम आहे. विमा बाजूला ठेवला, तर आपले मूल्य झाले ५,००० रुपये. मूळ जकात २० टक्के धरली तर १,००० रुपये. त्या जकातीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, जो २०१८ पासून आहे. त्याचे १०० रुपये. आता बेरीज ६,१००. या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे १ जुलै २०१७ पासूनचा जीएसटी. तो १८ टक्के धरला तर १,०९८ रुपये. सारे मिळून २,१९८ रुपये. म्हणजे करावर कर बसतो, आणि टपालखर्चावरही कर बसतो. शिवाय आपल्या वतीने कर भरल्याबद्दल कुरिअर कंपनी स्वतःचा आकार लावते तो वेगळाच.

हे समजल्यावर आमचा राग वाढला. आम्ही सभा घेतली आणि म्हणालो, ही जकात गरिबाला लुटते, ती रद्द करा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. त्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हत्यारांना धार लावण्याचे आणि बांधणीचे काम करतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही जकात काढा म्हणता. बाहेरून स्वस्त हत्यारे पुडक्यांतून येऊ लागल्यापासून आमच्या मालकाने दोन बाया कमी केल्या. त्या पण तुमच्याच सभासद होत्या ना?"

मित्रहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. टाळ्या थांबल्या आणि आम्ही पुन्हा वाचनालयाच्या बाकावर जाऊन बसलो.

तेथे जुना इतिहास भेटला. १८९६ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावरील आयात जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि त्याच वेळी हिंदी गिरण्यांच्या कापडावर तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर बसवला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानच्या बाजारात स्पर्धा जड जाऊ नये, हा त्यातला हेतू. या कराची वसुली थांबायला १९२५ साल उजाडावे लागले. यावरून आम्ही एक धडा घेतला. जकात वाईट की चांगली हा प्रश्नच अपुरा आहे. जकात ही भिंत आहे; विचारायचे ते हे की, भिंतीच्या आडोशाला कोण उभे आहे? १८९६ साली आडोसा लँकेशायरला मिळाला. आमच्या त्या बाईंच्या बाबतीत आडोसा त्यांच्या मजुरीला आहे. आणि विणकामाच्या सुया? आम्ही पुष्कळ शोध घेतला, पण त्या जुन्या यंत्राच्या सुया करणारा कोणी इकडे सापडला नाही. म्हणजे त्या भिंतीच्या आड कोणीच नाही. नुसती एक मुलगी भिंतीला धडकते आहे.

जीएसटीच्या भागाबद्दल मात्र आमची तक्रार नाही. महाद्वार रोडवरचा दुकानदार जो कर भरतो, तोच बाहेरच्या दुकानदाराच्या मालावर बसला, तर तो न्याय आहे. युरोपने हेच केले. तेथे २२ युरोपर्यंतच्या पुडक्यांना मूल्यवर्धित करातून सूट होती. ती १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल जकातीविना येई. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांना बंद झाली.

त्याची झळ आपल्यालाही बसली. २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांची फराळाची पार्सले अडली. इकडून टपालाने चपला पाठवणाऱ्यांची पंचाईत झाली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. पण त्या नव्या व्यवस्थेत एक गोष्ट पाहण्यासारखी होती. अमेरिकेची जकात इकडेच, टपालाच्या खिडकीवर, पार्सल देतानाच सांगून घेतली जाऊ लागली. तिकडच्या माणसाच्या दारात भांडण उरले नाही.

तात्पर्य, आधी सांगून कर घेणे अशक्य आहे ही सबब खोटी आहे. युरोपातही १५० युरोपर्यंतच्या मालावरील कर विक्रेत्याने विकतानाच घ्यावा अशी सोय २०२१ पासून आहे. मग आमच्या विणकाम करणाऱ्या मुलीला पैसे भरण्यापूर्वी पुरता आकडा का दिसू नये? आमची मागणी दोन ओळींची आहे. जकात आधी सांगा, आणि जी वस्तू इकडे होतच नाही, तिच्यावरची भिंत उतरवा.

आता थोडे स्वतःच्या वागण्याबद्दल. "भेटवस्तू असे लिहून पाठवा, म्हणजे जकात लागणार नाही," असा सल्ला अजूनही दिला जातो. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, आणि विकत घेतलेला मालही भेट म्हणून येऊ लागला. १२ डिसेंबर २०१९ ला सरकारने जीवरक्षक औषधे आणि राखी एवढी सोडून, भेट म्हणून जकातीविना माल आणण्यावरच बंदी घातली. काहींच्या लबाडीपायी आत्याने, मामाने पाठवलेल्या खऱ्या भेटीवरही पुरती जकात भरावी लागू लागली. किंमत कमी लिहून घेणे हीही तीच लबाडी. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे की, जकात कोण भरणार. आणि पावती जपून ठेवावी.

आणखी एक इशारा, विशेषतः वडीलधाऱ्यांना. "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यावर पैसे भरा, नाही तर अटक होईल," असे फोन येतात. कस्टम खाते फोन करून कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. भीती वाटली तर फोन ठेवावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी.

आपल्यातल्या पुष्कळांना गावच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. मुंबईचा नाकासुद्धा २०१७ साली उठला. तो नाका आता आपल्या दारात आला आहे, आणि त्यावर उभा असतो तो एक घामाघूम पोरगा. त्याने कर लावलेला नाही. त्याच्यावर ओरडू नका. त्याला पाणी द्या. जो प्रश्न विचारायचा तो दिल्लीला विचारू, आणि सगळे मिळून विचारू. सुया शेवटी आल्या. टर्नरने पैसे भरले, आणि त्या पोराला चहा पाजला.